बॉक्स फाइल पुढ्यात येते तेव्हा: अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीची तयारी

अकाउंट्स खात्यात पहिल्या दिवशी कोणी तुम्हाला गोल्डन रूल्स म्हणून दाखवायला सांगत नाही. टेबलावर एक बॉक्स फाइल येते. तिच्यात शे-दीडशे बिलं असतात, काही पिन मारलेली, काही चुरगळलेली, एखाद्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. "एवढी पर्चेस टाकून घ्या," म्हणत सिनियर आपल्या कामाला लागतात. बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली मुलंही इथे अडतात, आणि एन्ट्री येत नाही म्हणून नाही अडत. परीक्षेत 'रमेशकडून ५,००० रुपयांचा माल उधारीवर घेतला' हे वाक्य आयतं मिळतं. ऑफिसात ते वाक्य कोणी लिहून देत नाही. समोरचा कागद वाचून ते आपणच तयार करायचं असतं.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या अकाउंट्समध्ये माझी वीसेक वर्षं गेली. दर जून-जुलैत एखाद-दुसरं नवं पोर माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसतं. निकाल लागल्यापासून नोकरी लागेपर्यंतचा महिना-दोन महिन्यांचा वेळ कसा वापरावा, हे त्यांना जसं सांगतो तसंच इथे लिहितो आहे.

सीए ऑफिस की कंपनी?

हे आधी ठरवा, कारण तयारी थोडी वेगळी आहे. सीएच्या ऑफिसात एका वर्षात किराणा दुकान, डॉक्टर, सोसायटी, बिल्डर, ट्रस्ट अशी सगळ्यांची पुस्तकं हाताखालून जातात. पगार कमी, धावपळ जास्त. कंपनीत पगार बरा असतो, पण वर्षभर नुसतं पर्चेस किंवा नुसतं बँकच करत राहण्याचा धोका असतो. हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या अकाउंटिंग सेंटरमध्ये तर एकाच प्रक्रियेचा एकच तुकडा तुमच्याकडे येतो, तोही परदेशातल्या पुस्तकांचा. घरची परिस्थिती पेलत असेल तर पहिली दोन वर्षं सीए ऑफिसात काढावीत, असं माझं मत आहे. ते सगळ्यांना परवडत नाही, हेही माहीत आहे.

बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट सीए इंटरमिजिएटला नाव नोंदवता येतं, आणि आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) आता दोन वर्षांची झाली आहे. तो विचार डोक्यात असेल तर नोकरी धरण्याआधी करा. नोकरी सांभाळून इंटर देणारे पाहिलेत, पण फार थोडे.

एक बिल घेऊन बसा

तयारीतला सर्वांत मोठा भाग हाच. घरातली, मामाच्या दुकानातली, मित्राच्या गॅरेजमधली वीस-पंचवीस खरी बिलं गोळा करा. मोबाइलचं बिल, हॉटेलचं, हार्डवेअरचं, ट्रान्सपोर्टची बिल्टी, पेट्रोलची पावती, महावितरणचं बिल. प्रत्येकावर दहा मिनिटं घालवा आणि शोधा: हे कोणी कोणाला दिलं, कशाबद्दल, कोणत्या तारखेचं, आणि यातला कर कुठे आहे?

पेट्रोलच्या पावतीवर जीएसटी शोधत बसू नका, पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे. विजेवरही जीएसटी नाही. एखाद्या छोट्या दुकानदाराच्या कागदावर 'टॅक्स इन्व्हॉइस'ऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' छापलेलं असेल, तर तो बहुधा कंपोझिशनमधला, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला आहे. त्याने कर लावलेला नसतो आणि आपल्याला क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची आपल्या करातून वजावट) मिळत नाही. ही तीन बिलं नीट पाहिलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात उठून दिसतो.

आता जीएसटी नंबर. एकूण १५ अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की समोरचा कोण आहे: 'पी' म्हणजे व्यक्ती, 'सी' कंपनी, 'एफ' भागीदारी फर्म, 'एच' हिंदू अविभक्त कुटुंब. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर पाहिलं की लेबर कॉन्ट्रॅक्टरचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) १ टक्का कापायचा की २, हे कळतं. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १, बाकी सगळ्यांना २. हे कॉलेजात मला कोणी सांगितलं नव्हतं. एका जुन्या अकाउंटंटने बिलावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं.

राज्याचे दोन आकडे कामाला येतात ते असे. पुण्याच्या कारखान्याने कोल्हापूरहून माल घेतला तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर, अर्धे-अर्धे. तोच माल बेळगावहून आला तर एकच आयजीएसटी. इथपर्यंत सगळ्यांना येतं. फसतात ते हॉटेलच्या बिलात. सेल्सचा माणूस मडगावला दोन रात्री राहिला, तर हॉटेल गोव्याच्या सीजीएसटी-एसजीएसटीचं बिल देणार, कारण राहण्याची सेवा जिथे हॉटेल आहे तिथली धरली जाते. आपली नोंदणी २७ची, तो कर ३०चा. त्याचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही; सगळी रक्कम प्रवासखर्चात टाकायची. नवा माणूस हमखास ते क्रेडिट घेऊन टाकतो.

आता एक पूर्ण बिल करून पाहू. सीएंच्या ऑडिट फीचं बिल आलं: फी ६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. दोघंही महाराष्ट्रातले. व्यावसायिक फी वर्षाला ५०,०००च्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापायचा. कशावर? ६०,०००वर, ७०,८००वर नाही. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस नसतो. म्हणून टीडीएस ६,००० आणि सीएंना द्यायचे ६४,८००. एन्ट्री अशी: ऑडिट फी ६०,००० नावे, सीजीएसटी ५,४०० नावे, एसजीएसटी ५,४०० नावे; टीडीएस देय ६,००० जमा, पार्टी ६४,८०० जमा. दोन्ही बाजू ७०,८००.

ही एन्ट्री झोपेत विचारली तरी आली पाहिजे. आणि त्या ६,०००चं पुढे काय होतं हेही ठाऊक हवं: ते पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा होतात, तिमाही रिटर्नमध्ये सीएंच्या पॅनपुढे लागतात, आणि मग त्यांच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) दिसतात. पॅनचं एक अक्षर चुकलं तर त्यांच्या ऑफिसातून फोन येतो. ऑडिटरच्याच टीडीएसमध्ये चूक, याहून वाईट सुरुवात नाही.

कलमांचे नंबर पाठ करत असाल तर जरा थांबा. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि १९४सी (कॉन्ट्रॅक्टरचा टीडीएस), १९४जे (व्यावसायिक फीचा) ही जुनी कलमं नव्या रचनेत एकत्र आली आहेत. ऑफिसात लोक जुन्याच नंबरांनी बोलतात, कारण हयात त्यात गेली. तुम्हाला दोन्ही कळायला हवेत: जुने ऐकण्यासाठी, नवे लिहिण्यासाठी. २०१८ची गाइडं सेकंडहँड घेऊन करांची तयारी करू नका. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ला बदलले; १२ आणि २८चे टप्पे जवळपास गेले, मुख्य दर ५ आणि १८ उरले.

मालाचं बिल असेल तर त्याच्यासोबत आणखी दोन कागद हवेत: आपण दिलेली पर्चेस ऑर्डर, आणि स्टोअरने माल मोजून घेतल्याची नोंद, जिला सगळे जीआरएन म्हणतात. ऑर्डर १०० नगांची, बिल १०० नगांचं, आणि स्टोअरला पोचले ९६. पैसे किती द्यायचे? चार नगांची डेबिट नोट काढायची आणि खरेदी विभागाला कळवायचं. हे तीन कागद जुळल्याशिवाय बिल टाकायचं नाही, मग कोणी कितीही घाई करो.

टॅली

टॅलीप्राइम एज्युकेशन मोडमध्ये फुकट चालतं. अट एवढीच की महिन्यातल्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी टाकता येतात. सरावाला तेवढं पुरे. वर गोळा केलेली बिलं त्यात टाका. बोटांना सवय लागू द्या: एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. मध्येच नवं खातं उघडायचं तर ऑल्ट-सी.

मोठ्या कोर्सच्या सर्टिफिकेटला मी फारसं महत्त्व देत नाही. इंटरव्ह्यूला आलेल्याला मी एकच करायला सांगतो: नवी पार्टी उघडा. लेजर कोणत्या ग्रुपखाली घेतो, एवढंच बघतो. टेबल-खुर्चीच्या सप्लायरला फिक्स्ड अॅसेट्समध्ये टाकणारे भेटलेत. ग्रुप चुकला की ताळेबंद वाकडा होतो, आणि वर्षाच्या शेवटी कोणीतरी रात्री दहाला तो सरळ करत बसतं.

टॅलीबरोबर एक्सेलही हवं. पिव्होट टेबल, व्हीलूकअप किंवा एक्सलूकअप, सम-इफ्स, आणि पोर्टलवरून उतरवलेल्या डेटामधल्या फालतू स्पेस काढण्यासाठी ट्रिम. महिन्याचं निम्मं काम म्हणजे दोन याद्या जुळवणं: आपलं पर्चेस रजिस्टर आणि जीएसटी पोर्टलवरचं २बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या आपल्या बिलांची यादी. सप्लायरने त्याच्या जीएसटीआर-१मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) आपलं बिल दाखवलं नाही, तर ते २बीत येत नाही आणि क्रेडिट अडकतं. मग यादी काढून एकेका पार्टीला फोन करायचे, हे काम शंभर टक्के तुमच्याकडे येणार. फोनवर बोलायची लाज वाटत असेल तर ती आत्तापासूनच घालवा.

बँकेचा ताळा

आमच्या आधीच्या पिढीतले दिवाणजी रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद या क्रमाने बोलायचे. शब्द मागे पडले, पण 'ताळा बसला का?' हा प्रश्न अजून रोज ऐकू येतो. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मिळणारं दुसरं काम म्हणजे बँक रिकन्सिलिएशन.

पहिला गोंधळ असा: आपण पैसे भरले तर आपल्या पुस्तकात बँक नावे होते, आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र तीच रक्कम जमा दिसते. चूक कोणाचीच नाही. स्टेटमेंट म्हणजे बँकेच्या वहीतलं आपलं खातं. तिच्या दृष्टीने आपण तिचे धनको. हे एकदा डोक्यात बसलं की उरलेलं काम शोधाशोधीचं: दिलेला पण अजून वटायला न गेलेला चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी, कोणाचं तरी यूपीआयने आलेलं पण नाव न कळणारं पेमेंट. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. त्याहून जुना चेक यादीत दिसला तर सिनियरना दाखवा, तो पुढच्या महिन्यात ढकलत राहू नका. नाव न कळणारी रक्कम सस्पेन्सला (तात्पुरत्या खात्यात) टाकायची वेळ आलीच तर कोपऱ्यात तारीख आणि कारण लिहा. सस्पेन्स हे माळ्यासारखं असतं, एकदा टाकलेलं खाली उतरत नाही.

फरक सापडत नसेल तेव्हा आकड्याला ९ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी: ५,८७०चे ५,७८० लिहिले, फरक ९०. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ती नावेऐवजी जमेला गेलेली असू शकते. ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे आणि अजून चालते, कारण आकडे टाकणारी बोटं तीच आहेत.

तारखा

भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने गोल करा. ७ला टीडीएस भरणा. ११ला जीएसटीआर-१. १४ला २बी तयार होतं. १५ला पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा). २०ला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाहीचा पर्याय आहे, तिथे तारखा थोड्या वेगळ्या. टीडीएसची तिमाही रिटर्न ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. अॅडव्हान्स टॅक्सची १५ तारीख जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये. सरकार मुदत वाढवतं, पण ती वाढेल या भरवशावर बसणारा माणूस अकाउंट्समध्ये टिकत नाही. १९ तारखेला रजा मागू नका, एवढं तरी.

लघुउद्योगांचं पेमेंट हीसुद्धा तारखेचीच गोष्ट. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला आणि वर्ष संपेपर्यंत पैसे गेले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. पार्टी उघडतानाच तिचं उद्यम सर्टिफिकेट मागून ठेवा. मार्चमध्ये मागत बसलात तर कोणी फोन उचलत नाही.

इंटरव्ह्यू आणि पगाराची स्लिप

प्रश्न ठरलेले असतात: घसाऱ्याची एन्ट्री, बँकेच्या ताळ्यात फरक का येतो, रोखीने किती खर्च करता येतो (एका माणसाला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिले तर तो खर्च करात मान्य होत नाही, ट्रान्सपोर्टरसाठी ३५,०००). 'जीएसटी रिटर्न भरलं आहे का?' असं विचारलं आणि भरलं नसेल तर 'भरलं नाही, पण ३बीत कोणता आकडा कुठून येतो ते माहीत आहे' असं सांगा, आणि खरंच माहीत करून घ्या. थाप लगेच उघडी पडते. पुढचा प्रश्न 'कोणत्या महिन्याचं?' हा असतो.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) ऐकून घरी आकडा सांगू नका, आधी फोडून बघा. महिना २०,००० सीटीसी आणि त्यात मूळ पगार १०,००० धरू. कंपनीचा पीएफ १,२०० आणि ईएसआयचा ३.२५ टक्के वाटा त्यातूनच गेला, की पगार उरला साधारण १८,२००. त्यातून तुमचा पीएफ १,२००, ईएसआय १३७ आणि व्यवसाय कर २००. हातात १६,७००च्या आसपास. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा घाबरू नका. वर्षाचे २,५०० पुरे करायला तसं करतात. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही, तरी कापलेला दिसला तर विचारा. पगारपत्रक करणाराही कधी नवीनच असतो.

पहिले तीन महिने

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. मालासोबत बिलाची झेरॉक्स आली, मी टाकली. दहा दिवसांनी कुरिअरने ओरिजिनल आलं, तेही टाकलं. झेरॉक्सवरून नंबर मी '१४२' असा टाकला होता, ओरिजिनलवरून '०१४२' असा, म्हणून कॉम्प्युटरला ती दोन बिलं वाटली. दोन्हींचं पेमेंट गेलं. कळलं ते वर्षअखेरीला, त्या पार्टीचं खातं जुळवताना. साहेबांच्या केबिनबाहेर मी अर्धा तास उभा होतो. आत गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुढच्या बिलातून वळते करून घे, आणि ओरिजिनलशिवाय पेमेंट करू नकोस." आता बिलं व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून येतात आणि पुन्हा ईमेलवरही येतात, तेव्हा धोका वाढला आहे. नोंद करण्याआधी त्या पार्टीच्या खात्यात तीच रक्कम शोधायची सवय लावून घ्या. दोन सेकंद लागतात.

चूक सापडली तर लगेच सांगा. गुपचूप दुरुस्त करायचे दिवस तसेही गेले. कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदल कोणी, कधी केला हे नोंदलं जातं आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटर ती उघडून बघतात.

एक दोनशे पानी वही ठेवा. जो प्रश्न विचाराल तो उत्तरासह तीत लिहा, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागत नाही. सिनियर चिडतात ते दुसऱ्यांदा विचारण्यावर. पोर्टलचे पासवर्ड त्या वहीत लिहू नका. मालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी ग्रुपवर मागू नका. पगाराचे आकडे तुम्हाला दिसतील, ते डब्याच्या टेबलावर बोलायचे नसतात.

बाकी बारा आकडी कॅल्क्युलेटर स्वतःचा घ्या, ऑफिसचा कायम कोणीतरी नेलेला असतो. आणि गावची जत्रा चैत्रात असेल, तर रजेचं जानेवारीतच बोलून ठेवा. मार्चअखेरची धावपळ, ३० एप्रिलपर्यंत मार्चचा टीडीएस आणि चैत्र हे दरवर्षी नेमके एकमेकांवर येतात. माझी वीसेक वर्षांत तीनदाच पालखी गाठली गेली.